जड कंट्रोलर

स्वरूपानं, माझ्या सुनेनं, दोन्ही कंट्रोलर टेबलावर जुन्या पेपरवर मांडले आणि ओढणी कमरेला खोचून माझ्यासमोर उभी राहिली. एक चंदेरी, पाठीवर कंगव्याच्या दातांसारख्या पट्ट्या असलेला. उचलला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. दुसरा काळा, गुळगुळीत, विटेएवढा आणि विटेसारखाच जड.

"आत्ती, हलका घ्यायचा," ती म्हणाली.

"मी विचारलं का तुला?"

समोरच्या खुर्चीत मिरजकर चहा पीत बसला होता. तो कोल्हापुराहून विजेचं सामान घेऊन गावोगाव फिरणारा माणूस. दोन्ही कंट्रोलर त्यानंच आणले होते. एक ठेवून घ्या, एक परत द्या, म्हणाला. किमतीत फारसा फरक नव्हता. त्याला कुठलाही खपला तरी चालत होतं, म्हणून तो आमच्या घरातली गंमत बघत होता.

सदानंद, माझा मुलगा, दाराशी उभा होता. दोन बायका बोलायला लागल्या की त्याला नेहमी दाराजवळची जागा आवडायची.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचा पंप जळला की लोक मोटार आमच्याकडं आणतात. जळकी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार हातानं गुंडाळून आत बसवायची, वार्निश द्यायचं, भाजायचं. आमच्या ह्यांनी हे दुकान काढलं आणि मला हाताशी धरून शिकवलं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. आकडे वाचता येतात, बाकीचं वाचताना ओठ हलतात. पण ह्यांच्या माघारी सव्वीस वर्षं मी दुकान चालवलं आणि एक मोटार जळून परत आली नाही.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. गिऱ्हाईकासमोर जुनी तार काट्यावर घालायची, आणि जेवढ्यास तेवढी नवी तार आत गेली हेही त्याच्यासमोरच दाखवायचं. ज्यात तांबं कमी, ती मोटार खोटी. वजन म्हणजे इमान, असं ह्यांनी मला शिकवलेलं. पुढं पुढं मला काटाही लागेनासा झाला. मोटार हातात घेतली की आत किती माल आहे ते मी सांगायची, मग लोक मुद्दाम काट्यावर घालून बघायचे आणि हसायचे. बाजारात पैजा लागायच्या माझ्या हातावर. मीही कधी लावू नका म्हटलं नाही.

ते कंट्रोलर कशाला हवे होते ते सांगते. ह्यांची जुनी मोटारसायकल मागं पडून होती. सदानंदानं तिचं इंजिन उतरवलं, मागच्या चाकात विजेची मोटार बसवली, सीटखाली बॅटऱ्या घातल्या. सगळं आखून दिलं स्वरूपानं. ती लग्न होऊन आली तेव्हाच विजेचा डिप्लोमा घेऊन आली होती. चार महिने दोघं त्या गाडीत डोकं घालून बसले होते. राहिला होता फक्त कंट्रोलर. बॅटरी आणि मोटार यांच्या मधला राखणदार म्हणायचा तो. मूठ जेवढी पिळाल तेवढाच करंट त्यानं पुढं सोडायचा. चढावर ओझं घेऊन जायचं असेल तर हा राखणदार दमदार लागतो, नाहीतर तोच आधी जळतो.

आणि आम्हाला चढच चढायचा होता. डोंगरावरच्या गावात दूध संस्थेचं शीतकेंद्र, आणि दूध घालणाऱ्या वाड्या सगळ्या खाली नदीकाठाला. रोज सकाळी बारा जण मोटारसायकलींना कॅन लटकवून पाच वळणांचा घाट चढायचे. पेट्रोलनं ते मेटाकुटीला आलेले. संस्थेचे चेअरमन भरमाण्णा, आमच्या ह्यांच्या ओळखीचे. त्यांनी शब्द दिला होता. दोन भरलेले कॅन घेऊन तुमची गाडी न थांबता वर आली, तर बाराच्या बारा गाड्या तुमच्याकडून बदलून घेतो. रविवारी सकाळी बघू म्हणाले.

सोमवारी सदानंदाला चाकणच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं. त्यांचं पत्र कपाटात ह्यांच्या फोटोमागं ठेवलेलं. पंप जळले की लोक आता नवेच आणायला लागले होते, रिवाइंडिंगच्या कामावर दोन संसार चालणार नाहीत हे त्याला दिसत होतं. रविवारी गाडी चढली तर पत्र फाडीन, असं त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं. मला मुलगा घरात हवा होता. मला त्यापलीकडं काही नको होतं.

तर शुक्रवारी दुपारी असे आम्ही चौघं. स्वरूपा मला समजावत होती, म्हणजे मिरजकराच्या देखत मला शिकवत होती. काळ्यावर दीडशे अँपियर छापलंय ते खरं नाही. छापायला काय, कोणीही छापतं. चंदेरीच्या आत करंट सोडणाऱ्या अठरा चकत्या आहेत, तिनं झाकण काढून मोजल्यात. काळ्याचं झाकण काढताच येत नाही, डांबर ओतून बंद केलंय. ज्याला काही लपवायचं नसतं तो डांबर कशाला ओतेल? आणि पाठीवरच्या त्या पट्ट्यांतून वारा जातो, उष्णता निघून जाते. कंट्रोलरला वजन लागत नाही, आत्ती, त्याला वारा लागतो.

"वारा," मी म्हणाले. "मग एक पंखा बांध गाडीला आणि पाठव वर."

मिरजकर हसला. स्वरूपा नाही हसली. ती रागावली की तिचा आवाज उलट खाली यायचा, हे मला तोवर चांगलं ठाऊक झालं होतं.

"आत्ती, पंपाच्या मोटारीचा नियम ह्याला लागत नाही."

"वीज तीच की वेगळी? चाकणहून येतीय काय?"

तेव्हा दाराशी उभा असलेला सदानंद बोलला. एरवी तो मध्ये पडत नाही. नेमका त्या दिवशी पडला.

"आई, ती त्यातलं शिकलेली हाय. तिला ठरवू दे."

मिरजकरानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. दोन्ही कंट्रोलर एकेक करून मांडीवर घेतले. वजन बघितलं. खाली-वर फिरवून बघितले, स्क्रू चाचपले, बाहेर आलेल्या, टोकं पितळी टोप्यांत बंद असलेल्या वायरी हातात धरून बघितल्या. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"हा," मी म्हणाले, आणि काळा टेबलावर आपटला.

"बघा," मिरजकर म्हणाला. "आक्काचा हात म्हणजे हात हाय. ज्याला वजन, त्यालाच दम."

स्वरूपा माझ्या हाताकडं बघत होती. तोंडाकडं नाही, हाताकडं. मग म्हणाली, "आत्ती, नक्की?"

"माझ्या हाताला विचारतीस?"

"तुम्हालाच विचारतीय."

"मग सांगितलं की."

ती वळली. पान्हे घेतले आणि गाडीजवळ जाऊन बसली. काळा कंट्रोलर तिनंच बसवला, वायरी तिनंच जोडल्या, संध्याकाळी चहासुद्धा तिथंच घेतला. मी आतून बघत होते. नको असलेलं कामही ती नीट करायची, हा तिचा गुण मी कुणाला सांगितला नाही, पण बघत होते.

शनिवारी गाडी सपाट रस्त्यावर चालवून बघितली. पळाली की. आवाज नाही, धूर नाही. सदानंद स्टँडपर्यंत जाऊन आला, आणि मला मागं बसवून वेशीपर्यंत नेऊन आणलं. मी डोक्यावरचा पदर दातांत धरून बसले होते. बाजारातल्या बायका बघत होत्या. उतरल्यावर मी स्वरूपाला म्हणाले, "बघितलंस?"

तिनं वाकून कंट्रोलरवर तळहात ठेवला आणि लगेच काढला.

"तापलाय, आत्ती. सपाटीला एवढा तापायला नको."

"तवा तापतो, मोटार तापते, माणूस तापतो. तापत नाही ते मेलेलं असतं."

"मिरजकर अजून गावातच आहेत. चंदेरी परत आणता येईल. तासाभराचं काम आहे." ती सदानंदाकडं वळून नाही, माझ्याकडंच बघून बोलत होती. "तुम्ही म्हणाला तरच."

मी पाठ फिरवली. आत जाऊन डाळ निवडत बसले.

रविवारी सकाळी आम्ही दोघी वडापच्या जीपनं घाटात गेलो. तिसरं वळण सगळ्यात उभं, तिथं भरमाण्णा आणि संस्थेची चार-पाच माणसं उभी होती. भरमाण्णांनी मला बसायला दगड दाखवला, त्यावर स्वतःचा टॉवेल टाकला. ह्यांची आठवण काढली. म्हणाले, अनुसाक्का, तुमच्या दुकानाची मोटार माझ्या विहिरीत चौदा वर्षं चालली, म्हणून मी हे धाडस करतोय, नाहीतर असल्या खेळण्यांवर माझा विश्वास नाही. मी मान डोलवली. स्वरूपा रस्त्याच्या कडेला उभी राहून खाली बघत होती. ऊन अजून कोवळं होतं.

खालून गाडी दिसली. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, मध्ये सदानंद वाकलेला. पहिलं वळण चढला. दुसरंही चढला. भरमाण्णा म्हणाले, "येतोय की गडी." मनात म्हटलं, चढू दे. एकदा चढू दे, मग बघू.

मग वास आला.

सगळं आयुष्य मी त्या वासात काढलंय. जळक्या वार्निशचा, वितळलेल्या रबराचा. कुणालाच कळलं नाही तेव्हा तो मला कळला. गाडी अजून चालत होती, आणि मला वास आला होता. मी उठून उभी राहिले.

वळणाच्या तोंडाशी गाडीचा गुणगुणणारा आवाज एकदम बंद पडला. क्षणभर ती जागेवर उभी राहिली, मग मागं सरायला लागली. सदानंदानं ब्रेक दाबला, पण मागं एवढं ओझं, पुढचं चाक उचललं. त्यानं गाडी सोडून बाजूला उडी टाकली. गाडी आडवी झाली, कॅनांची झाकणं उडाली, आणि ऐंशी लिटर दूध डांबरावरून खाली धावत सुटलं. सीटखालून काळा धूर येत होता. सदानंद लंगडत आला आणि हातानं माती उपसून त्यावर टाकायला लागला. त्याचा गुडघा फुटला होता, पायजमा रक्तानं भिजला होता. स्वरूपा धावत जाऊन त्याच्याजवळ बसली.

मीही गेले. पण मी गुडघ्याकडं नाही बघितलं, वायरीकडं बघितलं. तीच जळली होती, मुळाजवळ.

भरमाण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली पळणाऱ्या दुधाकडं थोडा वेळ बघत राहिले, कुठून तरी दोन कुत्री आली होती, आणि मग दमल्यासारखे म्हणाले, "हा डबा कुणी निवडला?"

सदानंदानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं होतं की नव्हतं, ते आता आठवत नाही. उघडलं होतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

"मी," स्वरूपा म्हणाली.

ती उठून उभी राहिली. हाताला सदानंदाच्या गुडघ्याचं रक्त.

"मी निवडला. दुसरा हलका होता, आत्तींना तो... मीच म्हटलं हा घेऊ." बोलताना ती माझ्याकडं बघत होती. सरळ माझ्याकडं.

"तरी म्हटलं," भरमाण्णा म्हणाले. "अनुसाक्काचा हात असा फसायचा नाही." संस्थेचा एक जण हसला. म्हणाला, सुनबाई, वहीतली गाडी घाट चढत नाही. दुसरा म्हणाला, दूध आमचं आणि शिकवणी ह्यांची. भरमाण्णांनी त्यांना गप्प केलं, मग मला म्हणाले, "आक्का, तुम्ही एकदा हात लावून बघायला हवा होता."

स्वरूपा अजून माझ्याकडं बघत होती.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाले, "चला, पोराला आधी दवाखान्यात न्या."

सोमवारी सदानंद गुडघ्याला पट्टी बांधून चाकणला गेला. बॅग भरताना त्यानं माझ्याशी एक शब्द वाकडा काढला नाही. पाया पडला, डबा घेतला. दारातून वळून एवढंच म्हणाला, "आई, तिला सांभाळ."

दुपारी स्वरूपानं जळका कंट्रोलर फोडला. डांबर छिन्नीनं काढलं. आत सहा चकत्या निघाल्या, आणि खाली चिकटवलेली लोखंडाची जाड पट्टी. कशाला जोडलेली नाही, नुसती वजनासाठी घातलेली. ती तिनं मला आणून दाखवली नाही. आमचं तार गुंडाळायचं टेबल एका पायानं डुगडुगायचं, त्याच्याखाली तिनं ती पट्टी सारली. टेबल डुगडुगायचं थांबलं.

रात्रीच्या भाकरी थापताना मी तिला विचारलं, खोटं का बोललीस.

"दुकान तुमच्या हातावर चालतंय, आत्ती. तुमचा हात चुकला म्हटल्यावर उद्या मोटार घेऊन कोण येणार? माझ्या हातावर अजून कोण विश्वास टाकतंय?"

मला राग आला. मला कुणी वाचवलेलं आवडत नाही. म्हणाले, "लोखंड घातलं होतं त्यांनी. वजनानं फसवलं मला."

"हं," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

वजनानं फसवलं. हेच मी पुढं सदानंदाला सांगितलं, फोनवर. तोही हं म्हणाला. मिरजकर परत आला तेव्हा त्याची मी चामडी सोलली, तो दोन वर्षं आमच्या गल्लीत फिरकला नाही. घरात सगळ्यांना पटलं होतं की म्हातारीला वजनाची सवय, तीच तिला नडली. अडाणी बाई, बिचारी. मला अडाणी म्हटलेलं कधी खपलं नाही. त्या वेळी खपवून घेतलं.

बाजारात मात्र स्वरूपाचं नाव झालं. मोटार द्यायला आलेला माणूस विचारायचा, आक्का, तुम्ही गुंडाळणार ना, का सुनबाई? वर, दूध सांडायला लावू नका, म्हणून हसायचा. ती पावती फाडून द्यायची. पुन्हा तिनं गाडीचं नाव काढलं नाही. तो सांगाडा परसात पडून राहिला. एका पावसाळ्यात दोडक्याचा वेल त्याच्यावर चढला आणि मग दरवर्षी चढत राहिला. शेजारच्या तालुक्यात कुणीतरी विजेच्या गाड्यांचं दुकान काढलं, भरमाण्णांच्या बारा गाड्या पुढं तिकडं गेल्या. स्वरूपानं ते पेपरात वाचलं. पेपर घडी घालून तारेच्या रिळांखाली ठेवला.

सदानंद आधी पंधरवड्याला यायचा, मग महिन्याला, मग गौरी-गणपतीला आणि म्हाईच्या जत्रेला. त्याचं पोट सुटलं, बोलणं पुण्याकडचं झालं. चाकणला खोली मोठी घेतली, स्वरूपाला म्हणाला, आता चल. ती म्हणाली, आत्तींजवळ कोण? मी म्हणाले, मला कुणी लागत नाही, जा. ती गेली नाही. असे अकरा वर्षं नवराबायको सणावाराला भेटत राहिले, आणि मी त्या दोघांच्या मधल्या टेबलावर तार गुंडाळत राहिले.

यंदा माझ्या बोटांनी दगा दिला. आधी करंगळी, मग मधलं बोट, मग अंगठा. डॉक्टर म्हणतात, नस दबलीय. गरम चहाचा पेला धरला तरी अंगठ्याला कळत नाही. गेल्या महिन्यात तारेचं नवीन रीळ आलं, मी अंगठ्यात धरून तार दाबली, आणि ती किती जाडीची ते मला सांगता येईना. पुन्हा दाबली. नुसतं काहीतरी आहे, एवढंच.

स्वरूपा टेबलाशी बसून गुंडाळत होती. आता सगळी मापं तिच्या हातातच आहेत. तिचे ओठ हलत होते, वेढे मोजत होती. वेढे मोजताना मध्ये बोलायचं नाही, हाही दुकानाचा नियम. मी मोडला.

"त्या दिवशी मला कळलं होतं," मी म्हणाले.

ती मोजत राहिली.

"काळ्याची वायर. वरून रबर बोटाएवढं जाड, आत तार दोऱ्याएवढी. दाबल्या दाबल्या कळलं. चढावर ही जळणार, हेही कळलं. फार तर बंद पडेल म्हटलं, पोराला काय व्हायचं नाही. वजनानं नाही फसवलं मला कुणी. तू मिरजकरासमोर मला शिकवत होतीस. पोरगा तुझ्या बाजूनं बोलला. म्हणून घेतला काळा."

ती थांबली नाही. तिच्या ओठांवरून मला आकडे दिसत होते. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. बहात्तरला तिनं तार कापली, टोकाला दोऱ्याची गाठ मारली, वेटोळं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत?"

"तुम्ही तार एकदा दाबता, आत्ती. आल्या दिवसापासून बघतीय. एकदा दाबायची आणि आकडा सांगायचा. त्या दिवशी काळ्याच्या वायरीवर तुमचा अंगठा दोनदा गेला. काय कळलं ते मला समजलं नव्हतं, पण काहीतरी कळलंय एवढं समजलं. म्हणून विचारलं, नक्की का."

मी माझ्या अंगठ्याकडं बघितलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून." तिनं रिकामं रीळ काढलं, नवीन अडकवलं. "शनिवारी थांबले. रात्रभर ह्यांना सांगू का नको करत पडले, आणि नाही सांगितलं. ह्यांचा गुडघा फुटला त्यात माझाही वाटा आहे, तो मी कुणावर टाकत नाही. घाटात मी म्हटलं ना, की मी निवडला. तेव्हा मला वाटलं, आता तरी आत्ती बोलतील. एवढं तरी माझ्या नावावर राहू देणार नाहीत."

"दुकानासाठी म्हणालीस त्या दिवशी तू."

"ते नंतर म्हणाले. तुम्ही काहीच बोलला नाहीत, मग काहीतरी म्हणायला हवं होतं."

बाहेर कुणीतरी मोटार घेऊन आलं होतं, टेम्पोतून उतरवून घेत होतं. आक्का आहेत का, असं विचारत होतं. आम्ही दोघी तिकडं बघितलं नाही.

"भरमाण्णांना सांगते मी," मी म्हणाले. "अजून जिवंत आहेत ते. बाजारात सांगते सगळ्यांना."

"सांगा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. आवाज खालीही आला नाही. "मी आता बेचाळीस वर्षांची आहे, आत्ती." मग म्हणाली, "रीळ धरा जरा. तार सैल पडतीय."

मी टेबलाच्या पलीकडं बसले आणि दोन्ही हातांत रीळ धरलं. अंगठ्याला काही कळत नव्हतं, तरी धरलं. तार माझ्या हातांतून तिच्याकडं जायला लागली. तिनं मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि ह्या वेळी मी मध्ये बोलले नाही.